रिटायर झाल्यावर मुलांची पोटगी आपोआप कमी होते का? डिसॅबिलिटी पेन्शन धरतात का, जप्त होते का?

कोरेगाव_विधीस्वयंसेवक

नमस्कार मंडळी. कोरेगाव तालुक्यातल्या एका ताईंचं प्रकरण आहे, त्यांच्या परवानगीने विचारतोय. नावगाव देत नाही.

ताईंना दोन मुलं, मुलगी १४ वर्षांची आणि मुलगा १० वर्षांचा. २०२१ साली मॅजिस्ट्रेट कोर्टाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ (पोटगीचं कलम) खाली दोन्ही मुलांना दरमहा प्रत्येकी ₹६,००० असा अंतिम आदेश दिला. तेव्हा नवरा सैन्यात हवालदार होता. २०२२ मध्ये तो पेन्शनवर आला, पायाच्या दुखापतीमुळे डिसॅबिलिटी पेन्शनही लागली. तेव्हापासून १२,००० ऐवजी ५,००० पाठवतो. सध्या पुण्यात सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून नोकरीही करतो.

त्याचं म्हणणं असं: आदेश पगारावर होता, पगार बंद झाला म्हणजे आदेशही संपला. डिसॅबिलिटीचे पैसे माझ्या दुखण्याचे, त्यात मुलांचा हिस्सा धरता येत नाही. आणि पेन्शनला कोर्ट हात लावू शकत नाही.

ताईंनी रेकॉर्ड ऑफिसला (जवानांच्या नोंदी ठेवणारं लष्कराचं कार्यालय) दोन अर्ज केले, 'आमच्याकडून कपात होऊ शकत नाही' असं उत्तर आलं. आता नेमकं कुठे आणि काय दाखल करायचं? रिटायरमेंटला मिळालेल्या एकरकमी पैशाचं काय? नवरा आता आदेश कमी करून घेण्याच्या तयारीत आहे असंही कळलंय.

ॲड_कृष्णाकाठ_सांगली

सगळ्यात घाईची गोष्ट आधी सांगतो, कारण बाकीची चर्चा चार दिवसांनी झाली तरी चालेल. थकीत पोटगीच्या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. हे जुन्या कलम १२५(३) मध्ये होतं, तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १४४(३) मध्ये तसंच आहे. दरमहा ₹७,००० थकताहेत, म्हणजे वर्षाचे ₹८४,०००. आज अर्ज केला तर मागच्या बारा महिन्यांचे पैसे वॉरंटच्या कक्षेत येतील. दर महिन्याच्या उशिराला जुने सात हजार त्या कक्षेतून बाहेर पडतात. एकदा अर्ज मुदतीत पडला की तो चालू असताना पुढे थकत जाणारे महिने त्यातच जोडता येतात, तसं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलंय. तेव्हा थकबाकीचा अर्ज या आठवड्यात दाखल करा, कागद नंतर जमवा. या अर्जाला आदेशाची प्रमाणित नक्कल, ताईंच्या पासबुकाची प्रत आणि महिनावार तक्ता (देय, जमा, बाकी) एवढंच लागतं.

वर्षाच्या मागची थकबाकी म्हणजे देणं बुडालं असं नाही, पण ती या वॉरंटने येत नाही. 'रजनीश विरुद्ध नेहा' या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात पोटगीचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो असं म्हटलंय. त्या आधारे जुन्या बाकीसाठी वेगळी दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) करायची का, हे आदेश आणि तारखा पाहून तुमच्या वकिलांनी ठरवावं.

आता नवऱ्याचे तीन मुद्दे.

पहिला सरळ चूक आहे. आदेश पगारावर नसतो, बापावर असतो. पगार हे फक्त रक्कम ठरवण्याचं माप. परिस्थिती बदलली तर त्याने कलम १४६ (जुनं १२७) खाली अर्ज करायचा आणि कोर्टाने रक्कम बदलेपर्यंत जुनी रक्कम भरायची. स्वतःच्या मनाने कमी केलेला प्रत्येक रुपया थकबाकी असतो. आणि रिटायरमेंट म्हणजे निम्मी पोटगी असं समीकरण नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या 'शमीमा फारुकी' प्रकरणात नवरा सैन्यातच, नायक या हुद्द्यावर होता. तो निवृत्त झाला म्हणून उच्च न्यायालयाने ₹४,००० चे ₹२,००० केले होते, सर्वोच्च न्यायालयाने ₹४,००० पुन्हा कायम केले. त्या निकालाची प्रत अर्जाला जोडाच.

दुसऱ्या मुद्द्यावर, कलम १४४ चा निकष 'पुरेशी साधनं असूनही दुर्लक्ष' एवढाच आहे. साधनांमध्ये कुठला पैसा धरायचा नाही, अशी यादी तिथे नाही. डिसॅबिलिटी पेन्शन ही दरमहा हातात येणारी रक्कम आहे, ती साधनांत येते. मात्र अपंगत्वामुळे त्याचा होणारा खरा खर्चही कोर्ट बघतं. तो बिलांनी दाखवायचा असतो.

तिसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, त्यावर सविस्तर लिहावं लागेल. सध्या एवढं लक्षात घ्या: पेन्शन हिशेबात धरणं आणि पेन्शन जप्त करणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वसुलीला अडचण आहे म्हणून रक्कम कमी होत नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात हे दोन प्रश्न एकत्र कालवले जातात आणि मुलांचं नुकसान होतं.

पेन्शनलेखा_सातारा

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी कागदाचं सांगतो. अशा प्रकरणांत बाप शपथपत्रात 'पेन्शन' म्हणून फक्त मूळ आकडा लिहितो आणि समोरच्याला तो कळत नाही.

उदाहरणाने बघा, आकडे फक्त समजण्यापुरते. शेवटचं वेतन ₹४४,००० धरा. सर्व्हिस एलिमेंट (सेवेबद्दलचा पेन्शनचा भाग) निम्मं, म्हणजे ₹२२,०००. डिसॅबिलिटी एलिमेंट (अपंगत्वाबद्दलचा भाग) शंभर टक्के अपंगत्वाला वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे ₹१३,२००. मेडिकल बोर्डाने ३० टक्के अपंगत्व दिलं असेल आणि राउंडिंगचा लाभ (टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याची सवलत) मिळून ते ५० झालं असेल तर ₹६,६००. दोन्ही मिळून ₹२८,६००. यावर महागाई भत्ता. १ जानेवारी २०२५ चा दर ५५ टक्के होता, त्याने ₹१५,७३० झाले. एकूण ₹४४,३३०. समजा त्याने ₹८,००० पेन्शन विकली आहे (कम्युटेशन, म्हणजे तेवढ्या भागाचे पैसे एकरकमी आधीच घेतले), तर खात्यात जमा ₹३६,३३०.

आता शपथपत्रात 'पेन्शन ₹२२,०००' लिहिलं तर ते वाक्य अर्धवट खरं असतं. ₹२२,००० वरून ठरलेली पोटगी आणि ₹४४,००० वरून ठरलेली पोटगी यात मुलाच्या शाळेच्या फीएवढा फरक पडतो.

विकलेल्या पेन्शनबद्दल: महागाई ही विक्रीपूर्वीच्या पूर्ण पेन्शनवर मिळते, उरलेल्या पेन्शनवर नाही. विकलेला भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो. दरमहा ₹८,००० विकले तर चाळिशीच्या आसपास गुणक नऊच्या थोडा वर असतो, म्हणजे ८,००० × १२ × ९ च्या वर, साधारण पावणेनऊ लाख रुपये एकदम हातात पडतात. म्हणून 'माझ्या पेन्शनमधून आठ हजार कापले जातात' हे कर्जाच्या हप्त्यासारखं दाखवणं बरोबर नाही. ते पैसे त्याने आधीच उचलले आहेत. आणि इथे मुलगा १० वर्षांचा आहे, तो सज्ञान होऊन जाईल तेव्हाही ती कपात चालूच असेल.

कुठले कागद मागायचे? सैन्याची पेन्शन आता 'स्पर्श' प्रणालीतून येते, प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन कार्यालयाकडून. मागणी अशी करा: ई-पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश (मूळ आणि नंतरचे सुधारित सगळे), मागील १२ महिन्यांच्या स्पर्श पेन्शन स्लिप, कम्युटेशन आणि ग्रॅच्युइटीची रक्कम व तारीख, एएफपीपी फंडाची (सैनिकांचा भविष्य निर्वाह निधी) अखेरची रक्कम, आर्मी ग्रुप इन्शुरन्सकडून मिळालेली रक्कम, रजेच्या रोखीकरणाची रक्कम, आणि पेन्शन जमा होणाऱ्या खात्याचा निवृत्तीच्या महिन्यापासूनचा उतारा. फक्त सहा महिन्यांचा उतारा मागू नका. मोठ्या रकमा निवृत्तीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत येतात आणि तिथूनच पुढे वळवलेल्या दिसतात.

माहिती अधिकारात हे मागू नका, 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार येतो आणि महिने जातात. कोर्टामार्फत मागवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ (जुनं ९१) खाली अर्ज देऊन कोर्टाने पीसीडीए आणि बँकेला कागद हजर करण्याचा हुकूम करायचा. अर्जात सैनिक क्रमांक, रेकॉर्ड ऑफिस, बँकेची शाखा जेवढं माहीत आहे तेवढं लिहा. 'संबंधित कार्यालय' असं मोघम लिहिलेला हुकूम टेबलावरून टेबलावर फिरत राहतो.

आयकर विवरणावर विसंबू नका. डिसॅबिलिटी पेन्शन काही जणांना करमाफ असते, मग ती विवरणात उत्पन्न म्हणून दिसेलच असं नाही. करमाफ असणं आणि उत्पन्न नसणं यात फरक आहे.

कोरेगाव_विधीस्वयंसेवक

खूप उपयोगी. २०२१ च्या आदेशात शपथपत्र फार त्रोटक होतं. आता नवीन मागता येईल का? आणि रेकॉर्ड ऑफिसने नकार दिला तो बरोबर होता का? नोकरीत असताना युनिटकडून कपात होते असं ऐकलं होतं.

माजी_सुभेदार_खटाव

रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर नियमाने बरोबर आहे. जवान नोकरीत असतो तेव्हा आर्मी ॲक्ट, कलम ९० आणि ९१ खाली बायको-मुलांच्या निर्वाहासाठी त्याच्या पगारातून कपात करण्याचा अधिकार लष्करालाच असतो. बायकोने कमांडिंग ऑफिसरमार्फत अर्ज करायचा असतो. त्याच कायद्याच्या कलम २८ मुळे दिवाणी कोर्ट हुकूमनाम्यापोटी पगार जप्त करू शकत नाही, म्हणून तो वेगळा मार्ग ठेवलाय. पण हे सगळं त्या कायद्याखाली असलेल्या माणसाला लागू. डिस्चार्ज झाला की युनिटचा अधिकार संपला, कलम २८ ची ढालही संपली. निवृत्तीनंतर रेकॉर्ड ऑफिस, कमांडिंग ऑफिसर यांना अर्ज करत बसण्यात अर्थ नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मार्गदर्शन करेल, समजूतही काढेल, पण पेन्शनमधून एक रुपया वळवण्याचा अधिकार त्यांनाही नाही.

रेकॉर्ड ऑफिसला एक अर्ज मात्र जरूर करा, वेगळ्या कामासाठी. दोन्ही मुलांच्या जन्माची पार्ट-टू ऑर्डर (लष्करी दप्तरातली कौटुंबिक नोंद) निघाली आहे का आणि स्पर्शमध्ये कुटुंबाच्या तपशिलात त्यांची नावं आहेत का, ते तपासा. नवरा मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर रेकॉर्ड बेळगावला. नाव नसेल तर जन्मदाखला, आधार आणि कोर्टाच्या आदेशाची नक्कल (त्यात बापाचं नाव असतंच) जोडून नोंद मागा. बाप उद्या गेला तर पोटगीचा हा आदेश त्याच्याबरोबर जातो, पण फॅमिली पेन्शनवर मुलांचा हक्क उभा राहतो. घटस्फोटित पत्नीला फॅमिली पेन्शन मिळत नाही, मुलांना मात्र २५ वर्षांपर्यंत, लग्न किंवा कमाई सुरू होईपर्यंत, यातलं जे आधी घडेल तोवर मिळू शकते. नोंद नसली की त्या वेळी कागद जमवताना आईची दमछाक होते. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डासाठीही हीच नोंद लागते. पंतप्रधान शिष्यवृत्ती मुलीला पुढे व्यावसायिक पदवीला दरमहा ₹३,००० आहे, तिथेही कागद हेच.

या सवलती दाखवून 'मुलांचं सगळं सरकार बघतं, माझी पोटगी कमी करा' असं म्हणणारे असतात. शिष्यवृत्ती मुलाच्या गुणांची आहे, बापाने भरलेला हप्ता नाही.

आता बापाच्या बाजूनेही एक लिहितो. पाय खरोखर निकामी असेल, कृत्रिम साधन, फिजिओ, ईसीएचएसमध्ये न मिळणारी औषधं असा खर्च असेल, तर त्याने तो उघडपणे कोर्टापुढे मांडावा. मेडिकल बोर्डाची कार्यवाही, डिस्चार्ज बुक, मागच्या वर्षभराची बिलं लावावीत. बोर्डाची टक्केवारी पेन्शनसाठी असते. ३० चे ५० झाले ते पेन्शनच्या राउंडिंगमुळे, पाय तेवढाच आहे. 'मी पन्नास टक्के अपंग, म्हणून पोटगी निम्मी' हा युक्तिवाद टिकत नाही, आणि माणूस सुपरवायझरची नोकरी करत असेल तर मुळीच नाही. शंभर टक्के अपंगत्वाला मिळणारा कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स मात्र मदतनीस ठेवण्यासाठीच असतो, तो हिशेबातून बाजूला ठेवा अशी मागणी मला रास्त वाटते.

ॲड_कृष्णाकाठ_सांगली

सुभेदारसाहेबांशी पूर्ण सहमत. अर्ज वेळेत न करणं हीच अशा बापांची मोठी चूक असते. २०२२ मध्ये रिटायर झाल्याबरोबर १४६/१२७ चा अर्ज केला असता तर त्याचं म्हणणं तेव्हाच ऐकलं गेलं असतं. आता तीन वर्षांची थकबाकी अंगावर घेऊन तो कोर्टापुढे उभा राहणार, आणि थकबाकीदाराकडे कोर्ट कसं बघतं ते सांगायला नको.

शपथपत्राबद्दल: रजनीश निकालाने मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर शपथपत्र दोन्ही बाजूंना बंधनकारक केलंय, नमुना निकालातच आहे. नवऱ्याने कमी करण्याचा अर्ज टाकला की पहिल्याच तारखेला 'आधी शपथपत्र द्या' असा अर्ज द्या. आणि ताईंनी वाट कशाला बघायची? १४६ खाली रक्कम वाढवूनही मागता येते. २०२१ पासून मुलगी दहावीच्या उंबऱ्यावर आली, क्लास, एसटी पास, पुस्तकं, सगळंच वाढलंय. शाळेच्या फीच्या पावत्या काढून ठेवा. एक मात्र, ताईंनाही स्वतःचं शपथपत्र तितकंच खरं द्यावं लागेल. शिवणकामाचे चार हजार येत असतील तर लिहा. लपवलेलं उलटतपासात निघालं की मुलांची बाजू कमकुवत होते.

आता जप्ती.

पेन्शन कायदा १८७१, कलम ११: सरकारी पेन्शन धनकोच्या मागणीवरून जप्त करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ६०(१)(g): पेन्शनरची पेन्शन आणि ग्रॅच्युइटी जप्तीतून वगळलेली. नवऱ्याचा वकील हे दोन्ही वाचून दाखवणार. त्याला उत्तर म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०१९ चा निर्णय आहे. पोटगी मागणारी पत्नी ही कलम ११ मधल्या अर्थाने धनको नव्हे, त्यामुळे पोटगीसाठी पेन्शन जप्त होऊ शकते, असं त्यात म्हटलंय. जे पत्नीला तेच मुलांना जास्त जोराने लागू होतं, असा युक्तिवाद करा. सातारा-सांगलीची कोर्टं मुंबई उच्च न्यायालयाच्याच अखत्यारीत आहेत, त्यामुळे हा निर्णय इथे वजनदार आहे. निकालाची प्रत मात्र तुम्हीच न्यायची.

इथे चूक कुठे होते? अर्जात 'पेन्शन जप्त करावी' एवढंच लिहितात. जप्तीचा हुकूम मग बँकेकडे जातो, बँक 'पेन्शन खातं आहे' म्हणून परत पाठवते आणि सहा महिने गेले. म्हणून विनंतीचे भाग पाडा. पेन्शनमधून दरमहा ठरावीक रक्कम वळवण्याचा हुकूम वेगळा मागा, आणि त्यात नागपूर खंडपीठाचा आधार लिहा. थकबाकीसाठी वॉरंट वेगळं. वॉरंट दंडवसुलीच्या पद्धतीने निघतं, म्हणजे कलम ४६१ (जुनं ४२१): जंगम मालमत्तेची जप्ती-विक्री, किंवा जिल्हाधिकाऱ्याला वॉरंट पाठवून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. दुसरा मार्ग आपल्या भागात फार प्रभावी आहे आणि फार कमी वापरला जातो. नवऱ्याच्या नावावर वडिलोपार्जित हिश्श्याची किंवा निवृत्तीच्या पैशातून घेतलेली जमीन असेल तर चालू सातबारा आणि आठ-अ काढा, गट नंबरासह अर्जाला लावा. तहसीलदारामार्फत सातबाऱ्यावर बोजा चढला की सोसायटीचं पीककर्ज अडतं, विक्री अडते, आणि माणूस स्वतःहून पैसे भरायला येतो.

आणि त्याची पुण्याची नोकरी विसरू नका! ती पेन्शन नाही, पगार आहे. दिवाणी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत, पोटगीचा हुकूम असेल तर पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित असतो, बाकी जप्त होऊ शकतो. इतर कर्जाच्या हुकूमनाम्यात उलट आहे, तिथे पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. म्हणजे कायद्याने पोटगीला मुद्दाम वरचं स्थान दिलंय. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आदेश असेल तर कलम २०(६) ने मॅजिस्ट्रेट मालकाला थेट ताईंच्या खात्यात पैसे भरायला सांगू शकतो. यासाठी कंपनीचं नाव-पत्ता हवा, तो शोधायच्या कामाला आजपासून लागा.

न भरल्यास एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केलंय.

तासगाव_पीएफ_सल्ला

फंड आणि ग्रॅच्युइटीबद्दल थोडं, कारण साखर कारखाने, सूतगिरण्या, एसटी यांतली प्रकरणंही इथले लोक शोधत येतात.

पीएफ आणि ग्रॅच्युइटी या दोन्हींना जप्तीपासून कायद्याचं संरक्षण आहे. जुन्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या कलम १३ मध्ये फौजदारी कोर्टाच्या हुकमाचाही उल्लेख होता. म्हणून कारखान्याकडे किंवा पीएफ ऑफिसकडे पडून असलेली रक्कम जप्त करायला गेलात तर हात हलवत परत याल. पैसे खात्यात आल्यावर काय? निवृत्तीचे पैसे एफडीत टाकले तरी त्यांचं स्वरूप बदलत नाही, ते सुरक्षितच राहतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल आहे. तो बँकेच्या कर्जवसुलीतला होता, पोटगीतला नाही, त्यामुळे पोटगीला तो लागू नाही असा वाद घालता येतो. पण वसुलीचा सगळा भार त्या एफडीवर टाकू नका. जमीन, गाडी, चालू पगार आधी. एफडीचं व्याज मात्र उत्पन्न म्हणून शपथपत्रात यायलाच हवं.

कारखान्याच्या कामगाराची ईपीएस-९५ (पीएफशी जोडलेली पेन्शन योजना) पेन्शन फार तुटपुंजी असते, किमान ₹१,०००. तिथे पोटगी पेन्शनवर नाही, इतर कमाईवर आणि शेतीवर ठरते. कामावर असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दहा वर्षं सेवा नसली तरी ईपीएस पेन्शन मिळते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि 'मला काहीच मिळत नाही' असं शपथपत्रात खुशाल लिहिलं जातं.

एसटी किंवा राज्य सरकारी नोकर असेल तर आणखी एक बघा. ड्रायव्हर डोळ्याने अनफिट झाला म्हणून त्याचा पगार जाऊ नये, यासाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २०(४) आहे. सेवेत असताना अपंगत्व आलं तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, तसं पद नसेल तर अधिसंख्य (मंजूर संख्येपेक्षा जादा) पदावर ठेवायचं. म्हणून 'अनफिट झालो, पगार संपला' असं कुणी म्हणालं की विभागाकडून त्याच्या नेमणुकीचा आणि वेतनाचा दाखला कोर्टामार्फत मागवा.

आणि मोबाइलवर फिरणाऱ्या माहितीवर विश्वास ठेवू नका. 'बापाला अपंगत्व पेन्शन लागली की मुलांना वेगळा हिस्सा मिळतो आणि तो पोटगीत वळता होतो' हे अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीचं वर्णन आहे. तिथे मुलांना बापाच्या नोंदीवर स्वतंत्र रक्कम मिळते. आपल्याकडे बाप हयात असताना त्याच्या पेन्शनमधून मुलांच्या नावाने वेगळी रक्कम निघत नाही. ईपीएसमधली मुलांची पेन्शनसुद्धा सभासदाच्या मृत्यूनंतरच, दोन मुलांपर्यंत, २५ वर्षं वयापर्यंत.

कोरेगाव_विधीस्वयंसेवक

थकबाकीचा अर्ज तयार करायला घेतला. सातबारा काढला तर एका गटात नवऱ्याच्या नावे हिस्सा आहे. दोन शंका उरल्या. नवऱ्याचा भाऊ तडजोडीचं बोलतोय, ₹९,००० वर मिटवू म्हणतो. आणि मुलगी चार वर्षांनी १८ ची होईल, तेव्हा तिचं काय?

ॲड_कृष्णाकाठ_सांगली

तडजोड करायला हरकत नाही, पण कोर्टाबाहेर स्टॅम्पपेपरवर करू नका. मुलांचा हक्क आईने कमी रकमेवर सोडून दिला तरी पुढे त्या कागदाने मुलं बांधली जात नाहीत, आणि नवऱ्याला मात्र पैसे थांबवायला निमित्त मिळतं. कोर्टात पुरसिस (दोन्ही बाजूंच्या सहीचं लेखी निवेदन) दाखल करून आदेशात रूपांतर करून घ्या. त्यात तीन गोष्टी लिहून घ्या: दरमहा कुठल्या तारखेला, पेन्शन खात्यातून ताईंच्या खात्यात स्टँडिंग इन्स्ट्रक्शनने, म्हणजे बँकेला दिलेल्या कायम सूचनेने (बँकेची पोच जोडून), आणि दरवर्षी किती वाढ. पेन्शनची महागाई वर्षातून दोनदा वाढते, मग मुलांची रक्कम पाच वर्षं तीच का राहावी? थकबाकी वेगळ्या परिच्छेदात, हप्त्यांसह. जप्तीचा वाद घालण्यापेक्षा त्याच्याच सहीने पेन्शन खात्यातून पैसे वळते झाले तर कलम ११ चा प्रश्नच उरत नाही. ₹९,००० आकडा मात्र पेन्शन स्लिप हातात आल्याशिवाय मान्य करू नका.

मुलीचं: कलम १४४ खाली सुदृढ मुला-मुलीची पोटगी १८ वर्षांपर्यंत. हिंदू असेल तर हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६, कलम २०(३) खाली अविवाहित मुलीला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल तोवर बापाकडून निर्वाह मागता येतो. तो दावा दिवाणी किंवा कौटुंबिक न्यायालयात वेगळा करावा लागतो, मॅजिस्ट्रेटपुढे नाही. मुलगी सतरा पूर्ण झाली की कागद तयार ठेवा, म्हणजे मध्ये खंड पडणार नाही. मुलाला हा आधार नाही, तो शारीरिक-मानसिक अपंगत्वामुळे स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तरच १८ नंतर पोटगी चालू राहते.

वकील फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ताईंना सांगा.

पेन्शनलेखा_सातारा

पुरसिसमध्ये अजून एक ओळ घाला: 'पेन्शन खातं किंवा बँक बदलल्यास तीस दिवसांत कोर्टाला आणि अर्जदाराला कळवावं.' स्पर्शमध्ये खातं बदलायला पेन्शनरला फार कष्ट पडत नाहीत. खातं बदललं की जुन्या बँकेतली स्टँडिंग इन्स्ट्रक्शन शिल्लक नसल्याने नुसती फेल होत राहते आणि ताईंना दोन-तीन महिन्यांनी कळतं. दुसरं, दरवर्षीचा हयातीचा दाखला वेळेत दिला नाही तर पेन्शन थांबते. तेव्हाही हप्ता चुकतो, पण ती थकबाकीच धरायची. पेन्शन नंतर फरकासह जमा होते, तेव्हा चुकलेले हप्तेही एकदम वळते करायचे, असं आदेशात लिहून घ्या.

कोरेगाव_विधीस्वयंसेवक

दोन्ही ओळी घालतो. सोमवारी थकबाकीचा अर्ज आणि कलम ९४ चा अर्ज एकत्रच दाखल करतोय, सातबारा आणि आठ-अ लावून. पेन्शन स्लिप आल्यावर आकडे इथे टाकतो, तेव्हा वाढीच्या अर्जात किती मागायचं ते सांगा.